टिंब वर की खाली?

पेटी शिकायला काय लागतं? एक पेटी, दोन हात, सोशिक शेजारी आणि एक पुस्तक. पैकी सोशिक शेजारी पुण्यात मिळणं कठीण, हे मान्य. पण धड पुस्तक मिळणं त्याहून कठीण! घरोघरी माळ्यावर पेट्या धूळ खात पडल्या आहेत, त्या माणसांच्या आळसामुळे नव्हे, तर चुकीच्या पुस्तकांमुळे, असं माझं स्वच्छ मत आहे.

अप्पा बळवंत चौकात जाऊन 'पेटीचं पुस्तक द्या' म्हणा. 'कुठलं?' एवढ्या एकाच प्रश्नाला निम्मे उमेदवार गारद होतात. उरलेले, ज्यात गाणी जास्त ते जाडजूड पुस्तक काखोटीला मारून घरी येतात. माझं भांडण या जाडीशी आहे.

मुळात आपल्याकडे स्वरलिपी दोन. एक विष्णु नारायण भातखंड्यांची, दुसरी विष्णु दिगंबर पलुसकरांची. दोघेही विष्णू, तेव्हा गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे? भातखंडे मंद्र स्वराच्या खाली टिंब देतात आणि तार स्वराच्या वर. पलुसकर मंद्र स्वराच्याच डोक्यावर टिंब ठेवतात आणि तार स्वरावर उभी रेघ ओढतात. म्हणजे एकाची गच्ची ते दुसऱ्याचं तळघर! आमच्या पेठेतल्या एका गृहस्थांनी पहिला भाग एका पद्धतीचा घेतला आणि दुसरा दुसरीचा. त्यांचा भूप ऐन रंगात आला की धाडकन जिन्यावरून खाली पडायचा.

बरं, गाणी भरमसाट, पण कुठलं बोट कुठल्या पट्टीवर ठेवायचं, याबद्दल अवाक्षर नाही! भाता कसा मारायचा, तेही नाही. हे म्हणजे पोहायच्या पुस्तकात नुसती नद्यांची नावं देण्यासारखं झालं.

'पेटीला कसलं आलंय पुस्तक?' म्हणणारेही आहेत. मींड निघत नाही म्हणून १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली होती. ती १९७१ साली सैल झाली. पण म्हणूनच तर पेटीवाल्याने गळ्याची पुस्तकं धरावीत! भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग गवयांसाठीच आहेत. ते घ्या, आणि चीज आधी गुणगुणून मग वाजवा. बँडमधला ट्रॉम्बोन पाहा. नळी सरकवली की हवी तेवढी मींड. तरीही पाश्चात्त्य ट्रॉम्बोनवाले बोर्दोन्यी नावाच्या इटालियन गवयाच्या गळ्याच्या तालमी आजही घोटतात. ज्याच्यापाशी मींड आहे तो गवयाकडे जातो, आणि ज्याच्यापाशी नाही तो सिनेमाच्या गाण्यांकडे!

तेव्हा दुकानात तीनच प्रश्न विचारा. टिंब कुणाचं? बोटं दाखवली आहेत का? अलंकार किती पानं? उत्तरं नीट मिळाली तर एकच पुस्तक घ्या, आणि ते संपेपर्यंत दुसऱ्याचं नाव काढू नका. एवढं विचारल्यावर दुकानदार रागावेल. रागावू द्या. पुण्यात न विचारताही तो रागावतोच.