दवाखान्याच्या दारात दाखला कशाला?



1 मे 1999 ला सरकारने राज्यातल्या घरांना तीन रंग वाटले. उत्पन्न 15 हजारांच्या आत, तर पिवळे कार्ड. लाखापर्यंत केशरी. त्यापुढे, किंवा दारात चारचाकी वा चार हेक्टर बागायत असली, तर पांढरे. वाटणी होती रेशनच्या धान्यासाठी. पण 2012 ला राजीव गांधी जीवनदायी योजना आली आणि ऑपरेशन कोणाचे फुकट व्हायचे, तेही याच रंगांवर ठरू लागले. धान्याच्या मापाने आजार मोजायला घेतला!

पुढे मराठवाडा-विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबारा पाहून योजनेत घेतले. म्हणजे कार्डाच्या रंगाचा आणि घरातल्या भाकरीचा मेळ नाही, हे सरकारनेच कबूल केले. तरी पांढऱ्या कार्डाचा बटाईदार बाहेरच राहिला. त्याच्या नावावर सातबारा कुठला? अखेर 2023 मध्ये सर्व कुटुंबांना 5 लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय झाला. एवढे कळायला 11 वर्षे लागली.

पण अट मेली नाही, घर बदलून राहिली. धर्मादाय रुग्णालयांना विश्वस्त संस्था म्हणून सवलती मिळतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार त्यांनी 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. पुरावा काय, तर तहसीलदाराचा दाखला. लासूर स्टेशनच्या माणसाचा रोगी संभाजीनगरला खाटेवर, आणि तो स्वतः गंगापूरला तहसीलच्या ओट्यावर!

आणि जिरायत कापसाचे उत्पन्न म्हणजे काय हो? व्यापाऱ्याची पट्टी सगळ्यांना दिसते. बियाणे, फवारणी, वेचणीची मजुरी, सावकाराचे व्याज कोणाला दिसत नाही. 2017 ला गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. आदल्या वर्षीच्या दाखल्याने त्या वर्षीच्या चुलीचे काय कळणार होते? नोकरदाराला दरमहा पगाराची चिठ्ठी मिळते. आमची चिठ्ठी पाऊस लिहितो, आणि बऱ्याचदा लिहीतच नाही.

शहाणे म्हणतील, अट काढली तर बागायतदारही फुकट घेईल. सरकारी दवाखान्यात घेऊ द्या की! मोठ्याचा रोगी तिथे आला तर डॉक्टर जागेवर सापडेल. धर्मादाय खाटा मोजक्या आहेत, तिथे निवड लागणार, हे आम्हालाही कळते. पण ती निवड रोगी दाखल झाल्यावर करा. तातडीच्या रोग्याला अनामत न मागता आधी दाखल करायचे, हे त्या योजनेतच लिहिले आहे. दारावरच्या कारकुनाला ते वाचून दाखवा.

जिल्हा बैठकीत आम्ही तीन ठराव मांडणार आहोत. उत्पन्न धरताना लागवडीचा खर्च वजा करा. दाखल्यासाठी उपचार अडवू नका, कागदाला मुदत द्या. आणि 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत सर्व उपचार मोफत झाले, त्यात वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालये धरली नव्हती, म्हणजे आपली घाटीही नव्हती. मोठा आजार झाला की आपण जातो ती घाटीलाच. तिथेही तोच नियम लावा. गावागावातून सह्या घेऊन या.