भाच्याचा क्रॉसबो

जुलैच्या पहिल्या आठवड्यात भाचा घरी आला तो मोबाइल पुढे धरूनच. "मामू, हे बघा. घेऊ का?" घरात आम्ही दख्खनी बोलतो, त्याचं बोलणं इथं मराठीत देतोय. मला वाटलं मोटारसायकल दाखवतोय. पाहिलं तर पडद्यावर हत्यार. बंदुकीसारखा दस्ता, पुढे आडवं बसवलेलं धनुष्य, खाली घोडा. क्रॉसबो. दोरी ओढून खटक्यात अडकवायची, आखूड बाण ठेवायचा, नेम धरायचा आणि घोडा दाबायचा. किंमत साध्या मोबाइलपेक्षा कमी. घरपोच.

"कशाला रे?"

"हरणाला. आणि रोहीला."

भाचा शौकीन नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात, डोंगराच्या बाजूला त्याची साडेतीन एकर जमीन आहे. पाऊस पडला, सोयाबीन टोकलं, चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब वर आले आणि एका रात्रीत हरणांच्या कळपाने ते खुडून नेले. सोयाबीनचं कोवळं रोप बीजपत्रांखालून तुटलं की संपलं. दुबार पेरणीचं बियाणं, खत, मजुरी सगळं उसनवारीवर. मागच्या वर्षी मिरचीत रोही शिरले होते. रोही मिरची फारशी खात नाही, पण दोन-अडीचशे किलोचं ते धूड मल्चिंगवरून पळालं की कागद फाटतो, ठिबकच्या नळ्या तुटतात. आमच्या गावाच्या मिरची बाजाराचं नाव लांबवर आहे, परराज्यातले व्यापारी इथं येऊन बसतात. त्या बाजारात माल नेणाऱ्याचं रात्री काय होतं, हे व्यापाऱ्याला कळण्याचं कारण नाही.

म्हणून 'प्राणी वाचवा' असं शहरातून सांगणाऱ्यांसारखं मी त्याला उडवून लावलं नाही. चहा सांगितला आणि विचारलं, हे खूळ आलं कुठून?

उत्तर अपेक्षित होतं. त्याच्या मित्राचा थोरला भाऊ अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. तिथं शरद ऋतूत हरणांचा हंगाम असतो. त्याचे गोरे सहकारी दरवर्षी जेवणाच्या सुट्टीत खल करतात, की साधं धनुष्य ठेवावं की क्रॉसबो घ्यावा. खांदा दुखतो त्याने क्रॉसबो घ्यावा, जुनेजाणते नाक मुरडतात, म्हणतात यात कसब कसलं. विस्कॉन्सिनमध्ये पूर्वी क्रॉसबो फक्त म्हाताऱ्यांना आणि अपंगांना चालायचा. 2014 पासून सगळ्यांना खुला झाला. त्या भावाने व्हिडिओ पाठवले आणि ते पिंपळगावच्या पारावर पोहोचले.

व्हिडिओत जे दिसत नाही ते मी भाच्याला सांगितलं. तिथं शिकाऱ्याकडे परवाना असतो, किती हरणं मारायची ते ठरलेलं असतं, मारलेल्या जनावराची नोंद करावी लागते. शिकार दिवसाउजेडी. रात्री बंदी. झाडावर मचाण बांधून तो तास न् तास बसतो आणि हरीण तीस-चाळीस पावलांवर येऊन आडवं उभं राहिलं तरच बाण सोडतो. 1937 साली त्यांनी एक कायदा केला, त्यानुसार बंदूक आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. पुढे धनुष्यबाणही त्यात आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण जवळजवळ संपलं होतं, आज ते कोट्यवधींच्या संख्येत आहे. म्हणजे त्यांच्याकडे हरीण जास्त झालंय म्हणून हंगाम आहे. आपल्याकडे काळवीट उघड्या माळावर, शेतांच्या मधल्या तुकड्यांवर जगतंय. कर्जतजवळच्या रेहेकुरीला त्याच्यासाठी अभयारण्य केलं ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. एवढ्यात आपल्याकडचे काही शेतकरी खळं आणि गोठा धरतील!

आता त्या हत्याराबद्दल. भाच्याने निवडलेला क्रॉसबो पिस्तुलासारखा छोटा, ऐंशी पौंड ओढीचा. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण तिकडचे शिकारी हरणासाठी दीडशे-दोनशे पौंडांचा वापरतात आणि त्याची दोरी लांबवर मागे ओढलेली असते, म्हणून बाणाला जोर येतो. छोट्या पिस्तुलाची दोरी वीतभरही मागे जात नाही. तो पुठ्ठ्याच्या खोक्यावर नेम धरण्यासाठी आहे. रोहीच्या अंगात तो बाण चार बोटं घुसेल आणि जनावर ते घेऊन पळेल.

मोठा घेतला तरी गोष्ट संपत नाही. गोळीच्या धक्क्याने जनावर जागेवर कोसळू शकतं. बाण मारतो तो रक्तस्रावाने. नीट लागला तरी जनावर शे-दीडशे पावलं धावतं. जाणता शिकारी अर्धा तास जागचा हलत नाही, मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढतो. आमच्याकडे रोही येतो रात्री दोनला, पुरुषभर उंचीच्या मक्यात. तिथं कसला माग काढणार? तो जाऊन पडणार शेजारच्या पाटलांच्या विहिरीवर, आणि सकाळी गाव जमणार.

इथं भाचा थोडा नरमला, पण लगेच त्याने दुसरा पत्ता टाकला. "मामू, शिकार तर आपल्यात हलाल आहे."

आहे. नाकारत नाही. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या जनावरांकरवी केलेल्या शिकारीला परवानगी आहे. हातिमताईचे चिरंजीव अदी बिन हातिम यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांना शिकारीबद्दल बारीकसारीक प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं हदीसच्या ग्रंथांत आहेत. ती वाचताना मला नेहमी नवल वाटतं, इतका काटेकोर विचार! अल्लाहचं नाव घेऊन बाण सोडावा. टोक घुसून जनावर मेलं तर खावं. काठीसारखा आडवा लागून मेलं तर खाऊ नये, कारण ते मारामुळे मेलेलं. बाण लागून जनावर पाण्यात पडलं आणि तिथं मेलेलं सापडलं तर खाऊ नये, कारण बाणाने मेलं की बुडून, ते तुम्हाला ठाऊक नाही. चौदाशे वर्षांपूर्वीच्या या नियमांत माग काढण्याची, खात्री करण्याची जबाबदारी आहे. जखमी करून सोडून द्यायला त्यात जागा नाही. जिवंत प्राण्याला नेमबाजीचं लक्ष्य करणाऱ्यांचा तर हदीसमध्ये धिक्कार आहे.

त्याच सूरहची चौऱ्याण्णवावी आयत मी त्याला काढून दाखवली. इहरामच्या अवस्थेत शिकार मना आहे, आणि आयतीचा आशय असा की हात आणि भाला पोहोचेल इतक्या जवळ शिकार आणून तुमची परीक्षा घेतली जाईल, न दिसणाऱ्या अल्लाहला कोण भितो ते कळावं म्हणून. संदर्भ हजचा आहे, मी तो ओढूनताणून सोयाबीनला लावत नाही. पण हलाल असलेली गोष्टही कुठे आणि कधी करायची नाही हे धर्मच सांगतो, एवढं तर त्यातून निघतं. 'आपल्यात चालतं' म्हणणारे आपले लोक अर्धीच आयत पाठ करतात, हा माझा जुना राग आहे.

शिवाय देशाचा कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चं कलम 9 शिकारीला बंदी घालतं, आणि शिकारीच्या व्याख्येत जखमी करणं, फास लावणं, हाकून नेणं, नुसता प्रयत्न करणंही येतं. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन वर्षांहून कमी नाही, सात वर्षांपर्यंत; दंड 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25,000 रुपये. रोही आणि रानडुक्कर यांचं वेगळं आहे. ते पिकाची नासाडी करत असतील तर कलम 11 खाली लेखी परवानगी देता येते, महाराष्ट्रात तशी दिलीही जाते. पण मारलेलं जनावर सरकारच्या मालकीचं. त्याचं मटण घरी आणायचं नाही. भाच्याच्या मनात दावतीचं चित्र होतं, ते इथं विरलं.

सलमान खानचं नाव निघणारच होतं. ऑक्टोबर 1998 मध्ये जोधपूरजवळच्या कांकाणीत दोन काळविटं मारली गेली, बिश्नोई समाजाने पाठपुरावा सोडला नाही, आणि 5 एप्रिल 2018 रोजी पाच वर्षांची शिक्षा झाली. दोन रात्री तुरुंगात काढून तो जामिनावर बाहेर आला. "बघा, काय झालं त्याचं?" भाचा म्हणाला. मी म्हटलं, बाबा, वीस वर्षं वकिलांची फौज पोसायला तुझ्याकडे काय आहे? मिरची?

आता जे सांगणार आहे ते इतर वाचकांना कदाचित बोचेल. रोहीला हिंदीत नीलगाय म्हणतात. ती गाय नाही, कुरंगाच्या जातीचा प्राणी आहे. पण नावात गाय आहे. 2016 च्या जूनमध्ये बिहारमधल्या मोकामा परिसरात हैदराबादच्या नेमबाजांना बोलावून दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या गेल्या, रीतसर, केंद्राच्या अधिसूचनेनुसार. तरी दोन केंद्रीय मंत्र्यांत, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांच्यात, जाहीर वाद झाला. तो वाद वर्तमानपत्रांत झाला. पिंपळगावच्या रस्त्यावर रात्री तीन वाजता टेम्पोत मेलेला रोही आणि सोबत दाढीवाला पोरगा दिसला तर वाद वर्तमानपत्रात होणार नाही. परवानगीचा कागद खिशात असला तरी जमाव आधी कागद वाचत नाही. मार्च 2015 नंतर, महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा आल्यापासून, मटणाची कुठलीही गाडी संशयाची झाली आहे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. भाच्याला निर्णय घ्यायचा होता आणि हे त्या हिशेबात धरायला हवं होतं. शेजारच्या पाटलांच्या पोराला याच कृत्यासाठी वनखात्याची केस लागेल. माझ्या भाच्याला आधी चॅनल लागेल.

आणि पारध्यांना तर काहीच न करता लागते. फासेपारधी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने काळविटाजवळ जायचे आणि फास टाकायचे, ते कसब मी लहानपणी अब्बांकडून ऐकलंय. ब्रिटिशांनी 1871 च्या कायद्याने अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची सोय केली, 1952 मध्ये तो पुसला, आणि 1972 मध्ये त्यांचा धंदाच गुन्हा ठरला. कायदा योग्यच होता, पण त्यांना दुसरं काय दिलं? याच कोल्हापूर-हैदराबादच्या दरबारांत शिकार हा मानाचा खेळ होता. कोल्हापूर संस्थानात तर काळविटामागे सोडायला चित्ते पाळलेले असत. त्या शिकारींची छायाचित्रं आजही दिवाणखान्यांत लागतात. पारध्याचा फास पंचनाम्यात जातो.

विषयांतर झालं, पण क्रॉसबोचंही असंच आहे. 1139 च्या लॅटरन परिषदेत ख्रिस्ती धर्मपीठाने हे हत्यार इतकं घातकी मानलं, की ख्रिश्चनांवर ते वापरायला मनाई केली. आम्ही त्या मनाईत बसत नव्हतो, असा अर्थ पुढे लावला गेला. साठ वर्षांनी सलाहुद्दीनशी लढून परतलेला राजा रिचर्ड फ्रान्समध्ये एका किल्ल्यापुढे क्रॉसबोच्याच बाणाने मेला. भाच्याला ही गोष्ट फार आवडली. बाकीच्या उपदेशापेक्षा जास्त, हे कबूल करतो.

मग करायचं काय? क्रॉसबो घेऊ नको म्हणणं सोपं आहे, पीक कोण राखणार? नुकसानीचा अर्ज द्यायचा, पंचनाम्याला माणसं यायची वाट बघायची, तोवर खाल्लेल्या कोंबांच्या जागी तण उगवतं आणि येणारा म्हणतो, नुकसान दिसत नाही. मागच्या वर्षी आमच्याबाबत हेच झालं. शेतकरी चिडून तारेत थेट वीज सोडतो आणि त्यात जनावराआधी माणूस मरतो, कधी स्वतःच. वन्यप्राणी सरकारच्या मालकीचे असतील तर त्यांनी खाल्लेल्या चाऱ्याचं बिलही वेळेवर सरकारने भरलं पाहिजे, ही माझी मागणी आहे. सौर कुंपणाचं अनुदान अभयारण्यालगतच्याच नाही, आमच्यासारख्या उघड्या शिवारांनाही मिळालं पाहिजे. यावर भोकरदनच्या आमसभेत बोलायला हवं, आणि ते मुसलमान शेतकऱ्याने एकट्याने नाही, सगळ्या बांधकऱ्यांनी मिळून.

भाच्याने ते हत्यार अजून यादीतून काढलेलं नाही, 'नंतर बघू'मध्ये ठेवलंय. पण त्या पैशात थोडी भर घालून त्याने आणि पाटलांनी मिळून एक झटका मशीन आणली, दोघांच्या सामाईक बांधाला तार ओढली. ती थेट विजेवर नाही, बॅटरीवर चालते. जनावराला नुसता दणका बसतो. तार अजून डोंगराच्या बाजूने पुरलेली नाही, दोनशे मीटर कमी पडते. तिथं तो आणि पाटलांचा धाकटा आळीपाळीने जागलीला जातात. काल फजरच्या वेळी त्याचा फोन आला. पहाटे सात रोही आले होते, तारेपर्यंत आले, वास घेतला आणि उघड्या बाजूने मक्यात शिरले. पाटलांच्या मक्यात.