दुकानाची वाट आणि तीर्थाची वाट

बदलापुरात घर आणि उल्हासनगरात पेढी, अशी व्यवस्था असलेली व्यापारी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. रेल्वेच्या मापाने हे अंतर अवघे दहा किलोमीटर. परंतु सकाळच्या गर्दीत बदलापूरच्या फलाटावर ज्याने पाय ठेवला आहे, त्याला हे दहा किलोमीटर किती लांब असू शकतात ते सांगावे लागत नाही. म्हणून घरातील तरुण मुलगा दुकानात बसू लागला की लवकरच मोटारसायकलीचा विषय निघतो. आणि हल्ली तो शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाडीपाशी थांबत नाही. मुलाचे म्हणणे असे की, रोज दुकानात जाता यावे आणि सुट्टीला माळशेज, नाशिक, जमल्यास मांगीतुंगीही गाठता यावी, अशी एकच गाडी घ्यावी. वडिलांना खर्च दिसतो, आईला घाट आणि पावसाळा दिसतो. तिघांचेही खरे असते.

या चर्चेत बहुधा दोन गाड्या समोरासमोर येतात, आणि दोन्ही एकाच घरच्या: रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० आणि त्याच कंपनीची हिमालयन ४५०. क्लासिकचे आजचे रूप २०२१ सालचे. ३४९ सीसीचे हवा-तेलाने थंड होणारे इंजिन, सुमारे २० अश्वशक्ती, पाच गिअर. हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. ४५२ सीसी, पाण्याने थंड होणारे इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती, सहा गिअर. शक्ती दुप्पट, वजन मात्र जवळजवळ तेवढेच: एक १९५ किलोची, दुसरी १९६ किलोची. कागदावर पाहता निवड सोपी वाटते. व्यापाऱ्याने कागद उलटून मागची बाजूही पाहावी.

त्या मागच्या बाजूवर ३५० हा आकडा ठळक लिहिलेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के झाला. पूर्वी उपकर धरून ही तफावत केवळ तीन टक्क्यांची होती. आता मूळ किमतीच्या प्रत्येक लाखामागे २२,००० रुपयांचे अंतर पडते. राज्याचा रस्ता कर किमतीवर टक्क्यांनी लागतो, म्हणून तोही त्या प्रमाणात फुगतो. विम्याची रेषा पुन्हा ३५० वरच आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीच्या गाडीला त्याचे ७,३६५ रुपये, तर ३५० च्या पुढील गाडीला १५,११७ रुपये, कर वेगळा. एका सीसीच्या फरकाने खिशाला एवढा खड्डा पाडणारी दुसरी वस्तू बाजारात क्वचितच असेल.

येथे कोणी तरी सुचवितेच की गाडी फर्मच्या नावावर घ्यावी, म्हणजे जीएसटीची वजावट मिळेल. ती मिळत नाही. माणसांची ने-आण करणाऱ्या, तेरापर्यंत आसनांच्या वाहनांवरील कराची वजावट कायद्याच्या कलम १७(५) ने रोखलेली आहे, आणि मोटारसायकल त्यातच येते. आयकरात १५ टक्के घसारा दाखविता येतो. पण व्यवसायासाठी जितका वापर, तितकाच. माळशेजची सहल त्यात बसविण्याचा मोह टाळलेला बरा.

पेट्रोलचा हिशोब करून पाहावा. जाऊन-येऊन २४ किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर ७,२०० किलोमीटर होतात. क्लासिक लिटरला ३५ आणि हिमालयन २८ देते असे मानले, तर पहिलीला सुमारे २०६ लिटर लागते, दुसरीला २५७. लिटरचा भाव १०४ रुपये धरल्यास वर्षाला ५,३०० रुपयांच्या आसपास फरक पडतो. ज्याचे महिन्याला लाखोंचे कापड विकले जाते त्याला ही रक्कम मोठी नाही. पेट्रोलमुळे निर्णय फिरू नये. फिरलाच तर तो करामुळे आणि रस्त्यामुळे फिरावा.

रस्त्याचा प्रश्न खरा महत्त्वाचा. अंबरनाथ ओलांडून उल्हासनगरच्या कॅम्पांत शिरले की गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रांगते. गजानन मार्केटच्या किंवा फर्निचर बाजाराच्या परिसरात चाळीस अश्वशक्तींपैकी तीस झोपलेल्याच राहतात. अशा चालीत क्लासिकचे इंजिन अधिक समजूतदार आहे, कारण त्याचा पूर्ण जोर ४,००० फेऱ्यांवर मिळतो. हिमालयनचा ५,५०० वर. दुसऱ्या गाडीला गर्दीत क्लचची आणि गिअरची सतत मनधरणी करावी लागते. शिवाय तिचे आसन जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच, क्लासिकचे ८०५. वीस मिलिमीटर म्हणजे फार नव्हे, पण मागे आई बसलेली असताना, उतारावर, १९६ किलोची गाडी एका पायावर तोलायची असेल, तेव्हा हे वीस मिलिमीटर जाणवतात.

हिमालयनची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. खड्डे तिला क्लासिकपेक्षा खूपच कमी जाणवतात. जमिनीपासूनची उंची २३० मिलिमीटर, क्लासिकची १७०. काटई-बदलापूर रस्त्यावर पावसाळ्यात याचे मोल कळते. कसारा घाटात सामान आणि सहप्रवासी घेऊन ट्रक ओलांडायचा असेल, तर हाताशी असलेली शक्ती हीच सुरक्षा ठरते; क्लासिकवर तेथे संयम बाळगावा लागतो. ज्याचे दरमहा दोन-तीन लांबचे प्रवास ठरलेले आहेत, त्याने हिमालयनच घ्यावी आणि कर निमूटपणे भरावा. मात्र असे प्रवास वर्षातून खरोखर किती होतात, ते गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजावे. बहुतेक घरांत उत्तर तीन किंवा चार येते. तेवढ्यासाठी मोठी गाडी भाड्याने घेता येते. परवाना असलेल्या भाड्याच्या दुचाकीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात, हे पाहून घ्यावे.

लांबच्या प्रवासात मोठी टाकी उपयोगी, असेही सांगितले जाते. हिमालयनची टाकी १७ लिटरची, क्लासिकची १३ लिटरची. वरच्याच सरासरीने गुणले तर एक सुमारे ४७५ किलोमीटर जाते, दुसरी ४५५. उल्हासनगराहून मांगीतुंगी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीच्या पायथ्याशी दोन्ही गाड्या एकाच टाकीत पोहोचतात, आणि वेळेतही मोठे अंतर पडत नाही, कारण वेग तेथे इंजिन ठरवीत नाही, वाहतूक ठरविते. चौविहार पाळणाऱ्यांनी तर दिवसाची मजलच सूर्यास्ताच्या हिशोबाने आखावी. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. त्या आत मुक्कामी पोहोचून भोजन आटोपायचे, तर पहाटे निघणे आले.

पहाटेच्या या प्रवासाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. नाशिक महामार्गावर, विशेषतः शहापूरच्या मानस मंदिराच्या आसपास, उजाडण्याच्या वेळी साधू-साध्वींचा विहार चालू असतो. अंधुक प्रकाशात रस्त्याच्या कडेने चालणारी ती पावले वेगातल्या चालकाला फार उशिरा दिसतात. त्या पट्ट्यात वेग चाळिसाच्या आत असावा, आणि कडेच्या पट्टीवरून पुढे घुसण्याची सवय कायमची सोडावी.

पोशाखाचा प्रश्न आपल्या घरांत वेगळाच असतो. प्रवासी जाकीट आणि हातमोजे दाखविताना दुकानदार आधी चामड्याचे काढतो. जाड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे, खांद्याला, कोपराला व पाठीला गाद्या बसविलेले जाकीट तितक्याच विश्वासाने वापरता येते. हातमोज्यांत मात्र फसगत होते. वरून कापडी दिसणाऱ्या अनेक जोड्यांच्या तळव्याला बकऱ्याचे कातडे असते. आतली चिठ्ठी वाचून कृत्रिम तळव्याचा जोड मागावा. बुटांचेही तसेच.

चातुर्मासात गाडी दुकानापुरतीच राहील, हे बरेच आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली होती. उल्हास नदी चढली की कोणत्याही गाडीची २३० मिलिमीटर उंची पुरत नाही. पाणी वाहताना दिसले तर परत फिरावे.

क्लासिक घेण्याचे ठरल्यास दोन बाबी तपासाव्यात. तिच्या स्वस्त प्रकारात मागे ड्रम ब्रेक आणि केवळ पुढच्या चाकाला एबीएस मिळत असे. दोन्ही चाकांना असलेलाच प्रकार घ्यावा. तारांच्या चाकांत ट्यूब असते, मिश्रधातूच्या चाकांत नसते, आणि घाटात पंक्चर झाल्यावर हा फरक तासा-दोन तासांचा होतो. पहिली सर्व्हिसिंग ५०० किलोमीटरला असते. रोजच्या २४ किलोमीटरने त्याला तीन आठवडे लागतात; तोवर मांगीतुंगीचा बेत थांबवावा.