आईने रद्दीत घातले!

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे मराठी घरातल्या कागदांचा कर्दनकाळ. माळे उतरतात, ट्रंका उघडतात, वर्षाची वर्तमानपत्रे, गेल्या खेपेचे दिवाळी अंक, मुलांच्या संपलेल्या वह्या ह्यांचे ढीग दाराशी येऊन पडतात आणि रद्दीवाला आपला काटा घेऊन उंबऱ्याबाहेर बैठक मारतो. आमच्या पिढीतल्या हजारो वेताळांचा आणि मँड्रेकांचा शेवट झाला तो ह्याच मुहूर्तावर.

आणि म्हणूनच की काय, दरवर्षी ह्या दिवसांत मला एका विशिष्ट जातीचे गृहस्थ हमखास भेटतात. वय पासष्टीच्या पुढे, मुले मार्गाला लागलेली, पेन्शन व्यवस्थित. छंद जुनी कॉमिक्स जमवण्याचा. फराळाचे ताट पुढे आले, की चकलीचा तुकडा मोडत ते सुस्कारा सोडतात, "काय काळ होता हो! साठ पैशांना इंद्रजालचा नवा कोरा अंक मिळायचा. फाउंटनच्या फुटपाथवर तर जुने अंक मातीमोल. आज त्यालाच लोक हजारो रुपये मोजतात. माझ्याकडे सगळे होते. पण आईने रद्दीत घातले!"

हे शेवटचे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे, की त्याची आता म्हण व्हायला हरकत नाही. परक्याचे कशाला, मी स्वतःच ते पंचवीस वर्षे चारचौघांत म्हणत आलो आणि त्यावर लोकांना हसवत आलो. तेव्हा त्याविरुद्ध बोलण्याचा मला थोडासा अधिकार आहे, असे मी समजतो. माझे म्हणणे असे, की हा सुस्कारा खोटा आहे. ती पुस्तके स्वस्त होती हेही खोटे, आणि आईने नुकसान केले हे तर त्याहून खोटे.

आधी स्वस्ताईचे पाहू. इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने काढला. किंमत साठ नये पैसे. ('नये' हे उपपद सरकारने त्याच वर्षी जूनमध्ये काढून टाकले, पैसा तेवढ्यात जुना झाला!) ली फॉक ह्या अमेरिकन लेखकाने १९३६ साली जन्माला घातलेला फँटम त्यातून घरोघर गेला आणि मराठीत वेताळ झाला. मूळ कथेतला त्याचा देश बंगाल्ला. पण ते नाव आपल्या बंगालच्या फार जवळ जाते, म्हणून इकडच्या संपादकांनी त्याचे डेंकाली करून टाकले. आम्हां गिरगावातल्या पोरांना डेंकाली हे पनवेलच्या थोडे पलीकडे कुठेतरी असावे असे वाटे.

ह्या डेंकालीला जायचे तिकीट साठ पैसे! पण ते होते कोणापाशी? माझे वडील एका गिरणीच्या कचेरीत कारकून. आमच्या घरी साठ पैशांत सकाळची भाजी येई आणि वर कोथिंबीर मागून घेतली जाई. माझी स्वतःची मिळकत शून्य. मामा आले तर जाताना हातावर काही ठेवत, तेही आईच्या "कशाला, कशाला" ला न जुमानता. तेव्हा आम्ही चाळीतली सहा पोरे दहा-दहा पैसे काढून एक अंक घेत असू. दहा पैसेसुद्धा सहजासहजी निघत नसत. एकाने ते देवळातल्या चपला सांभाळून मिळवल्याचे मला पक्के आठवते. मग वाचण्याची पाळी ठरे, पाळीवरून मारामारी होई, आणि सहाही जणांचे वाचून झाले, की अंक कोणी ठेवायचा ह्याच्या चिठ्ठ्या पडत. ज्यांना दहा पैसेही परवडत नसत, त्यांच्यासाठी नाक्यावर एक वाचनालय होते. भाडे दिवसाला पाच पैसे. तिथला मालक प्रत्येक अंक सुतळीने शिवून त्याला खाकी कागदाचे कव्हर घालीत असे आणि त्या नादात मूळ मुखपृष्ठ खुशाल कापून टाकत असे. हे ऐकल्यावर आजच्या संग्राहकाच्या काळजाचे पाणी होते. त्या वेळी आम्हांला एवढेच कळे, की अंक सहा महिने जास्त टिकला.

संग्राहकांना तेव्हाची किंमत आठवते आणि तेव्हाचा खिसा आठवत नाही, ही माझी तक्रार आहे. आजच्या पाकिटात हात घालून तेव्हाचे साठ पैसे मोजले, तर ते स्वस्त वाटायचेच. आमच्यापैकी कोणीही तेव्हा "किती स्वस्त!" असे म्हणाल्याचे मी ऐकलेले नाही.

आता आई.

हा आरोप केवळ मराठी नाही. अमेरिकेत तर तो राष्ट्रीय आरोप आहे. तिथे १९३८ साली सुपरमॅन पहिल्याने आला तो 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. किंमत दहा सेंट. त्याची एक प्रत २०२४ साली लिलावात साठ लाख डॉलरना गेली. ही बातमी वाचून तिकडचे हजारो म्हातारे आपापल्या स्वर्गवासी आईच्या नावाने बोटे मोडत बसले असतील. पण त्या पुस्तकांचे झाले काय होते? दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि मुलांनी आपल्या हातांनी कॉमिक्सचे गठ्ठे देशकार्यासाठी नेऊन दिले. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी ही पुस्तके मुलांना बिघडवतात म्हणून त्यांची होळी पेटली. तीही शाळेच्या आवारात. शिक्षकांनी जप्त केली, उंदरांनी कुरतडली, बाकीची मुलांनी वाचून फाडली. आणि ह्या सगळ्यांत आरोपी म्हणून उभी कोण? एकटी आई!

बरे, घटकाभर धरून चालू, की एकाही आईने काही टाकले नसते. मग काय झाले असते? ह्याचे उत्तर कल्पनेने देण्याची गरज नाही, ते घडून गेले आहे. १९९२ साली सुपरमॅनच्या ७५ व्या अंकात सुपरमॅन मेला, असे जाहीर झाले. तो अंक काळ्या पिशवीत सीलबंद विकायला आला. तोवर लोक शहाणे झाले होते; जुन्या कॉमिक्सच्या भावांची जाडजूड पुस्तिका १९७० पासून निघतच होती. लाखो प्रती खपल्या. लोकांनी एकेक वाचायला आणि दोन-दोन ठेवायला घेतल्या, पिशवीही न फोडता कपाटात जपल्या, आणि कोणाच्या आईने त्यांना हात लावला नाही. परिणाम असा, की आजही त्या सीलबंद प्रती ढिगाने मिळतात आणि त्यांवर मुलांच्या शिक्षणाचा खर्च काढू म्हणणाऱ्यांना एका जेवणाचा खर्चही सुटत नाही. सगळ्यांनी जपले, म्हणून कोणाचीच किंमत झाली नाही!

तेव्हा संग्राहक महाराज, तुमच्या कपाटातल्या त्या अंकाला आज जो भाव आहे, तो लाखो आयांनी रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवलेल्या गठ्ठ्यांमुळे आहे. तुम्ही खरे तर दर दिवाळीला त्या माउल्यांना साडीचोळी करायला हवी. त्याऐवजी तुम्ही त्यांच्यावर विनोद करता.

आणि जी आई टाकत नाही तिचे काय? २०२४ साली कॅलिफोर्नियात तिघे भाऊ दिवंगत आईचे घर आवरत होते. माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांखाली त्यांना काही कॉमिक्स सापडली. तिने आणि तिच्या भावाने लहानपणी, मंदीच्या काळापासून घेतलेली. त्यांत १९३९ चा 'सुपरमॅन'चा पहिला अंक होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो लिलावात एक्क्याण्णव लाख डॉलरच्या वर गेला. म्हणजे ती स्वतः वाचणारी मुलगी होती, आणि आई झाल्यावरही तिने ते जपले. आमच्या सुस्काऱ्यात मात्र मुलींना जागाच नाही. त्यात पुस्तके नेहमी मुलांची असतात आणि रद्दी नेहमी बायका करतात.

इथे मला स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. १९७१ च्या दिवाळीपूर्वी आईने माझे एकोणचाळीस अंक विकले. पुढल्या वर्षी माझी मॅट्रिक, तेव्हा पेटीखालची ही अडगळ गेलेली बरी, असा तिचा हिशेब असेल असे मी धरून चाललो. पुढे मला नोकरी लागली, लग्न झाले, आणि कोणी पाहुणे आले, की मी ही कहाणी रंगवून सांगू लागलो. शेवटी म्हणायचे, "आज ते असते, तर आम्ही शिवाजी पार्कला ब्लॉक घेतला असता!" मंडळी हसत. आई आतल्या खोलीत तांदूळ निवडत असे. तिला ऐकू येत होते, हे मला माहीत होते.

एकदा, तिची ऐंशी उलटल्यावर, पाहुणे गेले आणि ती बाहेर आली. रागाने नव्हे, एखादा राहिलेला हिशेब द्यावा तशी म्हणाली, "अरे, सव्वादोन किलो भरली होती ती तुझी पुस्तकं. वर्तमानपत्रं धरून तीन रुपये चाळीस पैसे आले. ते शिंप्याला दिले. बेबीचा दिवाळीचा फ्रॉक शिलाईवाचून त्याच्याकडे अडकला होता, आणि ह्यांचा पगार अजून यायचा होता."

चाळीस वर्षे तिला आकडा पाठ होता. मला त्या एकोणचाळीस अंकांची नावे पाठ होती. फ्रॉकचा रंगसुद्धा आठवत नव्हता. मी ती कहाणी सांगणे बंद केले; पण तिला "चुकलो" असे म्हणायचे राहिले ते राहिलेच. ती २०१३ साली गेली.

तर असा मी, गेल्या वर्षी एका संग्राहकाच्या घरी फराळाला गेलो होतो. माणूस सज्जन, जमवाजमव अचाट. प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, पिशवीत पुठ्ठा, पिशवीवर क्रमांक. त्यांची आठ वर्षांची नात कपाटाशी उभी होती. आतल्या वेताळाच्या पांढऱ्या घोड्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "आजोबा, ह्यात पुढे काय होतं?" आजोबा म्हणाले, "हात लावू नकोस हं, घाम लागतो." पुढे काय होते ते त्यांनी सांगितलेही नाही. आमच्या नाक्यावरचा तो मुखपृष्ठे कापणारा मालक मला त्या क्षणी मोठा विद्याप्रेमी वाटला.

स्वस्त दिवसांची एवढी आठवण येते ना? मग ते दिवस परत आणणे काही अशक्य नाही. अनंत पै आधी ह्याच इंद्रजालच्या कामात होते; त्यांनी १९६७ पासून अमर चित्र कथा काढली. ती पुन्हा पुन्हा छापली जाते, म्हणून आजही कोणत्याही मुलाला दुकानात जाऊन घेता येते. इंद्रजाल १९९० साली थांबले आणि मराठी वेताळ पिशव्यांत जाऊन बसला. प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी असा कायदा १९५४ पासून आहे. पण गिरगावातल्या पोराला कोलकाता हे डेंकालीहून लांब. ज्यांच्याकडे एकाच अंकाच्या तीन-तीन प्रती आहेत (आणि अशांना मी ओळखतो), त्यांनी एक गावच्या वाचनालयात द्यावी, आणि वाचनालयांनीही "कॉमिक्स म्हणजे साहित्य नव्हे" हे नाक खाली घेऊन ती ठेवून घ्यावी.

हे नुसते दुसऱ्याला सांगणे नको म्हणून माझेही सांगतो. गेल्या भाऊबिजेला बहिणीने ओवाळले आणि ताटातून एक जीर्ण पुडके माझ्या हाती दिले. मँड्रेकचा एक अंक! मुखपृष्ठ नाही, शेवटचे पान अर्धे. रद्दीच्या दिवशी तो तिच्या दप्तरात होता. तीच वाचत होती. माझ्या तोंडून आईची कहाणी इतकी वर्षे ऐकून घेतली आणि हे कधी बोलली नाही. त्या फ्रॉकचा रंग मी तिला विचारला. म्हणाली, "जांभळा. आणि खांद्यावर काचायचा."

संग्राहक मित्राला दाखवला, तर तो म्हणाला, "मुखपृष्ठ नाही, म्हणजे किंमत नाही. तरी पाचशे देतो, पाने दुसऱ्या अंकाला कामी येतील." मी तो आमच्या वाचनालयाच्या बालविभागात नेऊन दिला. तिथल्या बाईंनी पहिल्याच पानावर, मँड्रेकच्या उंच टोपीवर, वाचनालयाचा जांभळा शिक्का दाणकन मारला. मित्राचा फोन आला, "शिक्का? अहो, मग तर शून्य!"

आतापर्यंत दोन मुलांनी नेला आहे. दुसऱ्याने अजून परत आणलेला नाही.