अर्ज प्रलंबित आहे: कॅनडाच्या प्रतीक्षायादीतील आपली कुटुंबे

धर्मग्रामाच्या कार्यालयात येणाऱ्या विनंत्यांवरून गावाचा कल ओळखता येतो. एके काळी स्नानसंस्काराचा दाखला प्रामुख्याने लग्नासाठी किंवा शाळेतील प्रवेशासाठी मागितला जात असे. आज तो मागावयास येणाऱ्यांपैकी अनेकांच्या हाती परदेशी पाठवावयाच्या कागदपत्रांची यादी असते. मिस्साच्या हेतूंच्या वहीत ‘व्हिसा मिळावा म्हणून’ ही नोंद आता कोणास नवलाची वाटत नाही. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय आणि घरे यांच्या शेजारी मेणाची विमानेही विक्रीस मांडलेली दिसतात.

या अर्जांचा विचार आपण दोनच टोकांनी करतो. अमुक कुटुंब गेले, अमुक राहिले. जे गेले त्यांच्या निरोपाला गाव जमतो. जे राहिले त्यांच्याविषयी कोणी फारसे विचारत नाही. परंतु अर्ज टाकल्याचा दिवस आणि उत्तर आल्याचा दिवस यांच्यामध्ये दोन, चार, कधी सात वर्षे जातात, आणि त्या वर्षांतही माणसे जगत असतात. त्या मधल्या वर्षांविषयी आज आम्ही लिहीत आहोत. उदाहरणादाखल कॅनडा घेतला आहे, कारण प्रतीक्षा करणाऱ्या माणसाशी शासन कसकसे वागू शकते हे त्या देशाच्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या व्यवहारात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

कॅनडाचा स्थलांतरविषयक नवा कायदा २००२ च्या जूनमध्ये अमलात आला. कुशल कामगार म्हणून कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्यास शिक्षण, भाषा, अनुभव, वय, नोकरीचे निश्चित आश्वासन आणि नव्या देशात रुळण्याची क्षमता या सहा निकषांवर शंभरपैकी गुण मिळत. २००३ पासून पात्रतेची सीमा ६७ गुणांची होती. ही सीमा ओलांडू शकणारा कोणीही अर्ज करू शके, आणि आलेल्या प्रत्येक अर्जाचा निर्णय करणे शासनावर बंधनकारक होते. मात्र दरवर्षी किती जणांना प्रवेश द्यावयाचा याची मर्यादा शासनच ठरवीत असे. दार रुंद आणि आतली खोली लहान, अशी ती रचना होती. परिणाम व्हावयाचा तोच झाला. २००८ पर्यंत या एका वर्गात सहा लाखांहून अधिक माणसे, म्हणजे अर्जदार व त्यांचे कुटुंबीय, ताटकळत उभी होती.

त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कोणते अर्ज आधी घ्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकार मंत्र्यांना मिळाला. ठरावीक व्यवसायांची यादी प्रसिद्ध झाली. त्या यादीतील नवे अर्ज झपाट्याने पुढे सरकू लागले आणि जुने मागेच राहिले. रांगेत आधी उभा राहिलेला मनुष्य मागाहून आलेल्याला पुढे जाताना पाहत होता. तरीही त्याला वाटे, आपला क्रमांक आहे, आज ना उद्या लागेल.

तो लागला नाही. २०१२ च्या अर्थसंकल्पी कायद्याने, ज्याला त्या वर्षी २९ जून रोजी संमती मिळाली, २७ फेब्रुवारी २००८ पूर्वीचे आणि २९ मार्च २०१२ पर्यंत निवडीचा निर्णय न झालेले सर्व अर्ज संपुष्टात आणले. नाकारले असे म्हणता येत नाही, कारण नाकारण्यासाठी ते आधी वाचावे लागतात. सुमारे २ लाख ८० हजार व्यक्तींची प्रतीक्षा एका कलमाने मिटली. शुल्क परत देण्यात आले. व्याज नाही, नुकसानभरपाई नाही. काही अर्जदारांनी तेथील संघीय न्यायालयात दाद मागितली. २०१३ मध्ये दावे फेटाळले गेले आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. संसदेने स्पष्ट शब्दांत कायदा केला असता न्यायालयाचे हात बांधलेले असतात, हे कायद्याच्या दृष्टीने बरोबरच असेल. न्यायाच्या दृष्टीने आम्हांला ते आजही बोचते.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांचा अर्ज त्या ढिगाऱ्यात होता. २००६ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी तो केला होता. शुल्क परत आले, पण आम्ही मोजतो ते निराळे. ‘आता कशाला’ म्हणून सहा पावसाळे घराचे छप्पर तसेच ठेवले गेले. त्यांच्या पत्नी परिचारिका. बढतीबरोबर बदली येणार म्हणून त्यांनी बढती सोडली. वाडीतील जुन्या केळी काढल्या, नव्या लावल्या नाहीत. उत्तर आल्यावर कित्येक महिने त्यांनी ते शेजाऱ्यांनाही सांगितले नाही, कारण निम्म्या गावाने त्यांना मनातून कधीच निरोप देऊन टाकला होता. आपण सर्वांनी त्यांना पाहुण्यासारखे वागविले, हे आम्हांलाही नंतर उमगले. संस्थेच्या समितीवर घ्यावयाचे तर ‘ते जाणार आहेत’, धर्मशिक्षणाचा वर्ग द्यावयाचा तरी तेच.

जानेवारी २०१५ पासून कॅनडाने ‘एक्सप्रेस एंट्री’ ही पद्धत आणली. तिच्यात रांग जवळजवळ नाहीच. इच्छुकाने आपली माहिती नोंदवावयाची, १,२०० पैकी गुण मिळवावयाचे आणि वेळोवेळी होणाऱ्या निवड फेरीत आपला गुणांक बसतो का ते पाहावयाचे. बोलावणे आले तर साठ दिवसांत पूर्ण अर्ज करावयाचा. तेथून पुढे बहुतेक अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचे शासनाचे उद्दिष्ट असते. जुन्या पद्धतीपेक्षा हे नक्कीच बरे, असे कोणीही म्हणेल. आम्हीही काही अंशी तसेच म्हणतो. परंतु प्रतीक्षा संपलेली नाही. ती अर्जाच्या नंतर होती, ती आता अर्जाच्या आधी आली आहे, आणि तिथे ती मोजली जात नाही.

शिवाय ही नवी प्रतीक्षा माणसाला खाते, शब्दशः. जुन्या नियमांत २१ ते ४९ वयापर्यंत वयाचे पूर्ण गुण मिळत. थांबल्याने ते घटत नसत. नव्या पद्धतीत जोडीदाराविना अर्ज करणाऱ्यास २० ते २९ या वयात ११० गुण मिळतात. तिशीनंतर दर वाढदिवसाला पाच-सहा गुण गळतात. चाळिसाव्या वर्षी ५० उरतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षे ग्राह्य धरतात, मग पुन्हा शुल्क आणि पुन्हा परीक्षा. नोंदणी एक वर्षाने संपते, ती पुन्हा करावी लागते. वाढदिवसाच्या केकसमोर बसलेला मुलगा मनात गुण वजा करीत असतो, हे त्याच्या आईला ठाऊक नसते.

साथीच्या काळात याची कठोर प्रचिती आली. डिसेंबर २०२० च्या अखेरीपासून ६ जुलै २०२२ पर्यंत परदेशातून अर्ज करणाऱ्या कुशल कामगारांसाठी निवड फेऱ्या बंद होत्या. त्याच दरम्यान, १३ फेब्रुवारी २०२१ रोजी, एका फेरीत २७,३३२ जणांना बोलाविण्यात आले आणि गुणांची सीमा ७५ इतकी खाली आली. पण ती फेरी कॅनडात आधीच काम केलेल्यांसाठी होती. येथे बसलेल्यांसाठी दीड वर्ष दार बंद होते आणि घड्याळ मात्र चालू होते. फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पहिल्या फेरीची सीमा होती ५५७. त्यानंतर २०२४ च्या ऑक्टोबरात शासनाने २०२५ साठी कायम रहिवाशांचे उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणले. घरांची टंचाई, रुग्णालयांवरील ताण ही त्यामागची कारणे खोटी नाहीत.

येथे शासनाची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. कोणाला किती संख्येने प्रवेश द्यावा हे ठरविण्याचा राष्ट्राचा अधिकार ख्रिस्तसभेने कधी नाकारलेला नाही. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली ‘एक्सुल फामिलिया’मध्ये स्थलांतरितांच्या हक्कांची मांडणी केली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या परिपत्रकात माणसाचा देश सोडण्याचा हक्क मान्य करताना त्या जाण्याने मायदेशाचे काही हरवते हेही सांगितले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१३ च्या स्थलांतरित दिनाच्या संदेशात स्थलांतर न करण्याच्या हक्काचा उल्लेख त्याच्याही आधी केला, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२३ मध्ये जाणे वा राहणे यांतील स्वातंत्र्य हाच विषय निवडला. तेव्हा नकारात अन्याय आहेच असे नाही. नकार हे उत्तर आहे. त्यानंतर माणूस छप्पर दुरुस्त करू शकतो. शुल्क आणि कागद स्वीकारून वर्षानुवर्षे उत्तरच न देणे, आणि ती वर्षे सर्वस्वी अर्जदाराच्या खात्यावर टाकणे, यात आम्हांला अन्याय दिसतो. ज्याला जाण्याचे वा राहण्याचे स्वातंत्र्य वापरावयाचे आहे त्याला आधी उत्तर मिळावे लागते.

ओटावात बदल घडविणे आपल्या हाती नाही. आपल्या घरांत काय घडते ते मात्र आहे, आणि त्यातील एक गोष्ट धर्मगुरू म्हणून आम्हांला सर्वाधिक चिंतेची वाटते. अर्ज चालू असताना लग्न केले तर फाईल अडकेल, या भीतीने काही तरुण विवाहसंस्कार लांबणीवर टाकतात. काही त्याहून वाईट करतात, म्हणजे विवाह होतो आणि तो कळविला जात नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. प्रतीक्षेच्या काळात झालेला विवाह किंवा जन्मलेले मूल कळविल्याने गुणांची फेरमोजणी होऊ शकते व कागद वाढतात, परंतु केवळ त्या कारणाने अर्ज बाद होत नाही. लपविलेला जोडीदार किंवा मूल यांना मात्र पुढे कुटुंबीय म्हणून बोलावण्याचा मार्ग २००२ च्या नियमावलीनुसार बंद होऊ शकतो. २०१९ पासून काही प्रकरणांत सवलत देण्यात आली, पण तिच्यावर भरवसा ठेवून कोणी सत्य लपवू नये. सल्लागार तसे सुचवीत असेल तर तो सल्लागार बदलावा. कॅनडाच्या अर्जासाठी शुल्क घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तेथील वकील, क्वेबेकचे नोटरी आणि २०२१ पासून काम पाहणाऱ्या स्थलांतर सल्लागारांच्या महाविद्यालयाचे परवानाधारक सदस्य यांनाच आहे. सदस्यांची नोंद सर्वांना पाहता येते. जुलै २०२२ पासून तेथील गोपनीयता कायद्याखाली देशाबाहेरील अर्जदारही स्वतःच्या फाईलमधील माहिती मागू शकतो. वर्षभर एजंटाच्या दारी खेटे घालण्यापेक्षा तो अर्ज करावा.

वाडी विकून पैसे बँकेत दाखविण्याचा विचार करणाऱ्यांना आमची विनंती आहे की तो व्यवहार उत्तर येईपर्यंत थांबवावा. निधीचा पुरावा लागतो हे खरे. पण जमीन गेली आणि २०१२ सारखे पत्र आले तर परत देण्यासारखे शुल्कही उरत नाही.

वर ज्यांचा उल्लेख केला त्या गृहस्थांनी २०१३ च्या मे महिन्यात छप्पर घातले. अर्ज केलेल्यांना आता ते आपल्या ओटीवर बसवून जुनी फाईल दाखवितात, आणि आम्हीही कार्यालयात आलेल्यांना त्यांच्याकडे पाठवितो. समितीवरही ते आहेत. आम्ही आता ‘केव्हा जाणार’ असे विचारीत नाही, ‘सध्या काय चालले आहे’ असे विचारतो.