नटीचं नव्हे, राबणाऱ्या बाईचं पुस्तक

मागच्या महिन्यात कवितेच्या बैठकीसाठी पुण्याला गेलो होतो. गाडीला वेळ होता म्हणून सदाशिव पेठेत पुस्तकांच्या एका दुकानात शिरलो आणि हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' मागितलं. गल्ल्यावरच्या गृहस्थानं आधी माझ्या चपलांकडं बघितलं, मग गालात हसला. म्हणाला, "ते नटीचं होय? फार मोकळं लिहिलंय हो बाईनं!"

मोकळं! दोस्तहो, पन्नास वर्षं उलटली, या पुस्तकाला एवढंच सर्टिफिकेट मिळतंय. बाई मोकळं बोलली. बाई धाडसी. ती कुणाबरोबर गेली, किती प्याली, याचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ. ती किती राबली आणि तिच्या राबण्यावर कोण जगलं, हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो मांडायचा म्हणून हे लिहितोय.

मी गोदीत कंत्राटावर आहे. शिक्षण मॅट्रिक. सिनेमातलं मला फारसं कळत नाही. पण हजेरी, पाळी, उचल, खाडा या गोष्टी कळतात. हे पुस्तक मी त्याच डोळ्यानं वाचलं.

हंसाबाईंचा जन्म 1923 चा, मुंबईतला. नाव रतन साळगावकर. घराणं कलावंतिणीचं. बाप दारूत बुडालेला, घरात पैशाची बोंब. पोर शाळेतनं निघाली आणि कॅमेऱ्यापुढं उभी राहिली. 'विजयाची लग्ने' 1936 चा. तेव्हा ती तेरा वर्षांची. रतन गेली, हंसा वाडकर झाली. तेरा वर्षांच्या पोरीच्या पगारावर घर चालायला लागलं. बालमजूर म्हणतात ते आणखी काय असतं?

1913 साली फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा साळुंके नावाचा पुरुष लुगडं नेसून उभा राहिला. पुढं 1932 साली 'अयोध्येचा राजा'त दुर्गाबाई खोटे आल्या तेव्हा मोठ्या घरची बाई सिनेमात आली म्हणून बोलबाला झाला. रतन आली त्याचं कुणाला नवल नाही. कलावंतिणीची पोर, ती नाचगाण्यातच जायची! मोठ्या घरची आली तर कलेची सेवा, आमच्यासारख्या घरची आली तर धंदा. काम एकच, पण त्याला नावं दोन. जातीचा कारखाना असाच चालतो.

पुढं 1941 साली प्रभातनं 'संत सखू' काढला. पुण्यात आज जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे तोच प्रभातचा स्टुडिओ. सासरी छळ सोसणारी सखू हंसाबाईंनी केली. 1947 ला राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी', 1950 ला 'पुढचं पाऊल', 1959 ला अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका'. त्यात त्या आणि जयश्री गडकर. हा सिनेमा पुण्यात शंभराहून जास्त आठवडे चालला. एका शहरात दोन वर्षं एकच सिनेमा! थेटरवाला, वाटणारा, बनवणारा सगळ्यांची घरं भरली.

आणि बाईचं घर? लग्न कोवळ्या वयात झालं. तिला वाटलं, आता सिनेमा सुटला, संसार करू. सुटतो कसला! लग्नानंतरही स्टुडिओची पाळी चालूच. कमवायचं तिनं, मालकी नवऱ्याची, वर संशयही त्याचाच. वैतागून घर सोडलं आणि आधीच बायका असलेल्या एका माणसाबरोबर मराठवाड्यात गेली. तिथं तर घराचा उंबरा ओलांडायची चोरी. जिला बघायला तिकिटाच्या खिडकीवर मारामाऱ्या, तिला दाराबाहेर उभं राहायची परवानगी नाही. हे सगळं तिनंच सांगितलंय. रडगाणं न गाता सांगितलंय.

इथं खोटं बोलणार नाही. सदाशिव पेठेचं देणं असेल ते देऊन टाकू. 'माणूस' साप्ताहिकानं बाईचं बोलणं छापलं. तिनं सांगितलं, अरुण साधूंनी उतरवून घेतलं. 1970 साली राजहंसनं पुस्तक काढलं. पुढच्याच साली, 1971 ला, बाई गेली. वय 48. मग 1977 साली श्याम बेनेगलांनी त्यावर 'भूमिका' काढला, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2013 ला पुस्तक इंग्रजीतही गेलं. ज्या पेठेच्या नावानं आपण रोज बोटं मोडतो, तिथल्याच एका छापणाऱ्यानं कलावंतिणीच्या लेकीला विचारलं की बाई, तुझं काय झालं?

आता आपला प्रश्न. आपण कुणाला विचारलं?

माझी चुलत आजी तरुणपणी तमाशाच्या फडात होती. घरात हे कोणी बोलत नाही. फोटो नाही, नाव नाही. लग्नाच्या याद्या होतात तेव्हा तिला मागं बसवतात. ते पुस्तक घेऊन मी वडाळ्याला तिच्या खोलीवर गेलो. लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. दोन तास हूं की चूं नाही. मला वाटलं, झोपली. मग एकदम म्हणाली, "हिनं उचल कुणाची घेतली व्हती रं?"

मी गप्प. एवढी माणसं या पुस्तकावर बोलतात, हा प्रश्न कोणाच्या तोंडून मी ऐकला नव्हता. गोदीतल्या टोळीला मुकादमाची उचल असते, ऊसतोडीला असते, फडातल्या बाईला असते. एकदा अंगावर आली की हंगाम त्याच्या बापाचा. आजीनं एका वाक्यात त्या नटीला आपल्या रांगेत बसवलं. मग ती स्वतःचं सांगायला लागली. रात्रीचे दोन वाजले. साठ वर्षांत तिला कोणी विचारलंच नव्हतं.

हंसाबाई आपल्या जातीच्या नव्हत्या, हे मला ठाऊक आहे. पण 'रामजोशी' आणि 'सांगत्ये ऐका'नंतर मराठी सिनेमानं वर्षानुवर्षं तमाशावर पोट भरलं. ती पायातली चाळ, ती अदा, तो ठसका कुठनं आला? महार, मांग, कोल्हाटी बायांच्या फडातनं. पडद्यावर कला म्हणून टाळ्या घेतल्या, फडातल्या बाईला मात्र वेशीबाहेरच ठेवलं. विठाबाई नारायणगावकर बोर्डावरनं आत जाऊन बाळंत झाली आणि परत बोर्डावर उभी राहिली, ही गोष्ट सगळा महाराष्ट्र कौतुकानं सांगतो. यात कौतुक कसलं? ओल्या बाळंतिणीला नाचावं लागतं, ही मजुरीची गोष्ट आहे. विठाबाईला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला, तरी 2002 साली ती गेली ती पैशाच्या तंगीतच. आता तिच्या नावानं सरकार पुरस्कार देतंय.

हे झालं त्यांचं. आपलंही बोलू. 1936 च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासींना सांगितलं की हे जिणं सोडा. हंसाबाईंचा पहिला सिनेमा आला ते हेच साल. बाबासाहेबांचं बरोबरच होतं. त्या जिण्यात पिळवणूक होती. पण आपण पुरुषांनी काय केलं? जिणं सोडायला सांगितलं होतं, आपण बाईलाच सोडलं. तिची लाज धरली. फडाचं नाव निघालं की मान खाली. आणि वस्तीत पडदा लावून तमाशाचा सिनेमा लागला की शिट्ट्या मारणारेही आपणच!

कविता लिहिणाऱ्यांनो, मलाही धरून सांगतो. आपण आईवर कविता लिहितो. तिच्या भेगाळल्या टाचांवर टाळ्या मिळवतो. तिला समोर बसवून एक सरळ प्रश्न विचारलाय? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांच्या दारी जाऊन त्यांचं म्हणणं लिहून घेतलं, 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. तसंच आता फडातल्या म्हाताऱ्यांसाठी करायला पाहिजे. त्या फार दिवस थांबणार नाहीत.

वही घ्या, नाहीतर मोबाईल लावा. मोकळं बोलायला लावू नका, त्यांना जे बोलायचं तेच बोलू द्या. फक्त तीन गोष्टी विचारा. उचल कुणाची होती? पैसा कुणाच्या हातात जायचा? आणि अंग थकल्यावर कोण आलं?

माझ्या वहीत आजीची सोळा पानं झालीत. पुढच्या रविवारी सुट्टी आहे, परत जाणार आहे.