दंडवतानंतरचे प्रश्न

कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी १० सप्टेंबर २०१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत स्मारकापुढे साष्टांग दंडवत घातला आणि झाल्या कृत्याबद्दल क्षमा मागितली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी ब्रिटिश संसदेत केवळ खेद व्यक्त केला होता. शासकीय मसुदे लिहिण्यात ज्यांची हयात गेली, त्या माझ्यासारख्यांना या दोन शब्दांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. खेदाला कर्ता लागत नाही, क्षमायाचनेला लागतो. वेल्बी यांच्या कृतीचे आपल्याकडे स्वागत झाले, ते स्वाभाविकच होते.

तरीही तो कर्ता कोण, हा प्रश्न उरला. आपण ब्रिटिश सरकारच्या वतीने बोलू शकत नाही, असे वेल्बी यांनी तेथेच स्पष्ट केले. ते प्रामाणिकही होते. परंतु ज्या पदामुळे त्यांच्या दंडवताला वजन आले, त्याच पदामुळे ते हाउस ऑफ लॉर्ड्सचे सदस्य होते. आणि याच सभागृहाने जुलै १९२० मध्ये १२९ विरुद्ध ८६ मतांनी जनरल डायरची पाठराखण केली होती. तो ठराव तरी परका म्हणता येणार नाही.

या हत्याकांडाशी निगडित आणखी एक क्षमायाचना आहे. ती फारशी आठवली जात नाही. सुवर्णमंदिराचे सरकारनियुक्त व्यवस्थापक अरूर सिंग यांनी हत्याकांडानंतर डायरला सिरोपा देऊन गौरविले होते. १९२० मध्ये लोकक्षोभ अनावर झाला, तेव्हा त्यांनी शीख समुदायापुढे क्षमा मागितली आणि पद सोडले. दडपणाखाली मागितलेली क्षमा खरी कशी, असे कोणी म्हणेल. मला तो आक्षेप पटत नाही. अंतःकरणातील पश्चात्ताप इतिहासाच्या अभ्यासकाला दिसत नसतो. दिसते ते एवढेच की दोष स्वतःचा होता, दुखावलेले लोक समोर होते आणि हातातील अधिकार सुटला. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ या आपल्याकडील सरावाच्या वाक्यात यांपैकी काहीही नसते.

वेल्बी यांची कसोटी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लागली. चर्चच्या वर्तुळातील जॉन स्माइथ यांनी मुलांवर व तरुणांवर केलेल्या अत्याचारांविषयी मेकिन अहवाल प्रसिद्ध झाला. २०१३ मध्ये ही बाब कानावर आल्यावर वेल्बी यांना ती पोलिसांकडे नेता आली असती आणि त्यांनी ती न्यायला हवी होती, असा त्याचा निष्कर्ष होता. आधी त्यांनी राजीनामा नाकारला. १२ नोव्हेंबरला दिला, वैयक्तिक व संस्थात्मक जबाबदारी स्वीकारून. येथे दोष शंभर वर्षांपूर्वीच्या कोणा सेनाधिकाऱ्याचा नव्हता आणि पीडितांपैकी अनेक जण हयात होते. डिसेंबरमध्ये लॉर्ड्समधील निरोपाच्या भाषणात त्यांनी आपल्या पायउतार होण्यावर विनोद केले. पीडित संतापले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना पुन्हा क्षमा मागावी लागली.